स्विमिंग पूल गळतोय? आधी पाणी कुठे थांबतं ते बघा

पूल गळत असल्याची शंका आली की घरमालक सहसा दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर रोज नळी सोडून पाणी भरत राहतात आणि 'ऊन किती आहे, उडत असेल' म्हणून गप्प बसतात. नाहीतर थेट टाइल्स उखडायच्या गोष्टी सुरू होतात. मी घरगुती पूलच्या देखभालीची आणि दुरुस्तीची कामं घेते. गळती बुजवायला फारसा वेळ लागत नाही, ती सापडायला लागतो, आणि तेवढा धीर कुणाला नसतो. मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गळतंय स्किमरच्या (वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या डब्याच्या) तोंडाशी आणि वॉटरप्रूफिंग चाललंय तळाला.

म्हणून खालचं बरंचसं लिखाण शोधण्याबद्दलच आहे. हत्यारं फार लागत नाहीत. एक बादली, चिकटपट्टी, मोजपट्टी, पाण्यात बघायचा गॉगल, रंग भरलेली सुई नसलेली सिरिंज आणि सुट्टीचे दोन-तीन दिवस, एवढ्यात घरगुती पूलमधल्या बऱ्याच गळत्या सापडतात.

गळतंय की उडतंय

उघड्या पूलमधून दिवसाला ३ ते ६ मिलिमीटर पाणी बाष्पीभवनाने जाणं हे नेहमीचं. हवा कोरडी आणि वारा जोराचा असेल तर त्याहून जास्त. गरम केलेल्या पूलचं पाणी गार, कोरड्या रात्री भराभर उडतं. सकाळी पातळी खाली गेलेली दिसते आणि मालकांना वाटतं, रात्रीत कुठेतरी भोक पडलं. तेव्हा 'पाणी कमी झालं' या वाक्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मिलिमीटर, आणि किती तासांत? ८ मीटर बाय ४ मीटरच्या पूलमध्ये १ मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर पाणी आणि १ सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर. डोळ्यांना एवढीशी वाटणारी घट हिशेबात बरीच मोठी निघते.

बादलीची चाचणी जुनी आहे आणि तिच्याइतकी स्वस्त खात्री दुसरी नाही. बादलीत पूलचंच पाणी भरा, आत एक जड दगड टाका आणि बादली पूलच्या वरच्या पायरीवर अशी ठेवा की आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी जवळपास एका पातळीत येईल. बादली पाण्यात उभी असल्यामुळे दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं राहतं, म्हणून दोन्ही सारखीच उडतात. आतल्या पातळीला चिकटपट्टीचा तुकडा लावा. बाहेरच्या पातळीची खूण बऱ्याच ठिकाणी बादलीवरच करायला सांगतात. मी ती पूलच्या टाइलवर करते, कारण बादली जराशी सरकली तरी बाहेरची खूण खोटी ठरते. मग २४ तास थांबायचं. ऑटोफिल (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय) बंद, बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) बंद, कव्हर काढलेलं, पोहणं बंद. पाऊस आला तर चाचणी पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी बादलीत ५ मिलिमीटर कमी झालं असेल आणि पूलमध्ये १२, तर वरचे ७ मिलिमीटर गळतीचे. फरक एखाद-दोन मिलिमीटरचाच असेल तर मी काही बोलत नाही, चाचणी पुन्हा घ्यायला लावते.

काठावरून पाणी वाहणाऱ्या ओव्हरफ्लो पूलमध्ये हे असं जमत नाही, कारण पंप चालू-बंद केला की पातळी आपोआप बदलते. तिथे पंप बंद करायचा, पाणी काठाच्या खाली येऊ द्यायचं, मग पूल आणि बॅलन्स टाकी (काठावरून वाहिलेलं पाणी जिथे जमतं ती) अशा दोघांच्या वेगळ्या खुणा करायच्या. निव्वळ बॅलन्स टाकीच गळत असलेली मी पाहिली आहे. ती जमिनीखाली, झाकणाखाली असल्याने तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मिठावर चालणारा क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर आणखी एक पुरावा फुकट मिळतो. पाणी उडतं, मीठ उडत नाही. बॅकवॉश किंवा पावसाने पूल उतू जाणं असं काही घडलेलं नसताना मिठाचं प्रमाण खाली येत असेल, तर मीठ पाण्याबरोबर जमिनीत चाललंय. सरासरी १.४ मीटर खोलीच्या पूलमधून रोज ७ मिलिमीटर गळत असेल आणि तेवढं साधं पाणी भरलं जात असेल, तर ३२०० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग) मीठ महिन्याभरात २७५० च्या आसपास येतं. सायन्युरिक अॅसिडचंही, म्हणजे क्लोरीन उन्हात टिकवणाऱ्या रसायनाचंही, साधारण तसंच. नोंदवही ठेवणाऱ्या मालकांकडे गेलं की हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

पंप चालू ठेवून एकदा, बंद ठेवून एकदा

बादलीची चाचणी दोनदा घ्या. एकदा पंप रोजच्यासारखा चालवून, एकदा पूर्ण बंद ठेवून. बंद ठेवण्याआधी क्लोरीन नीट करून घ्या, नाहीतर गळती सापडेपर्यंत पाणी हिरवं व्हायचं.

पंप चालू असताना जास्त जातंय? मग पंपाच्या पुढचा भाग बघा: फिल्टर, हीटर, रिटर्नच्या (पाणी पूलमध्ये परत नेणाऱ्या) लाइनी. तिथे पाण्यावर दाब असतो, बारीक चीरही चांगली फवारते. पंप बंद असताना जास्त जातंय? मग संशय सक्शनच्या, म्हणजे पूलमधून पंपाकडे येणाऱ्या, लाइनीवर. पंप चालू असताना त्या लाइनीत ओढ असते, म्हणून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे फिरताना दिसतात आणि रिटर्नमधूनही बुडबुडे येतात. दोन्ही वेळा सारखंच जात असेल तर पूलचं भांडं, म्हणजे भिंती, तळ आणि त्यात बसवलेल्या वस्तू, यांच्याकडे वळा.

एक फसवी केस सांगून ठेवते. पूलला लागून उंचावर जकूझी असेल आणि पंप बंद केल्यावर जकूझीचं पाणी उतरत असेल, तर घाबरू नका. बऱ्याचदा तिथला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) नीट बसत नसतो आणि पाणी पाइपातून उलटं पूलमध्ये येत असतं. पाणी घरातल्या घरातच आहे.

पाण्यात उतरण्याआधी फिल्टर रूम

दिसायला सोपं आणि कोरड्यानिशी करता येतं, म्हणून इथून सुरुवात. पंपाखालचा ओटा हाताने चाचपा. मोटर आणि पंपाचं भांडं जिथे जुळतं तिथून थेंब पडत असतील तर मेकॅनिकल सील गेलं. पंप कोरडा चालला की ते तापून खराब होतं. नवीन सील बसवताना त्याच्या गुळगुळीत तोंडांना बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणाही त्याला चालत नाही. युनियनमधून (पाइपाच्या उघडता येणाऱ्या आट्यांच्या सांध्यातून) गळत असेल तर नुसतं आवळू नका. उघडून ओ-रिंग, म्हणजे आतली रबरी कडी बघा, चपटी झाली असेल तर बदला आणि सिलिकॉनचं ग्रीस लावा. गाडीचं ग्रीस रबर फुगवतं.

हवा कुठून शिरते ते शोधायला पंप चालू ठेवून सक्शनच्या प्रत्येक सांध्यावर सावकाश पाणी ओता. ज्या सांध्यावर ओतल्यावर झाकणाखालचे बुडबुडे कमी होतात, तो सांधा.

आता मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. याच्यावर जरा थांबते, कारण मोठमोठे संशय याच्यापाशी येऊन मिटलेले मी बघितलेत. वाळूच्या फिल्टरवर दांडा असलेला जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखी एक रबरी गास्केट असते, तिला स्पायडर गास्केट म्हणतात. ती एका जागी चिरली किंवा तिच्याखाली वाळूचा कण अडकला, की दांडा 'फिल्टर'वर असतानाही थोडं पाणी बॅकवॉशच्या लाइनीतून निघून जातं. ती लाइन बहुधा थेट गटारात किंवा शोषखड्ड्यात उतरवलेली असते. बाहेरून थेंब दिसत नाही, जमीन ओली होत नाही, आणि दिवसभर पंप चालतो तेवढा वेळ पाणी चाललेलं असतं. एका घरी पूर्ण तळाच्या टाइल्स बदलायचा प्रस्ताव कुणीतरी देऊन झाला होता. मी बॅकवॉशच्या पाइपाचं टोक शोधून त्याखाली पेला धरला, आणि पेला भरला. तपासणी खरोखर एवढीच आहे. पंप चालू, दांडा फिल्टरवर, बॅकवॉशचं तोंड बघा किंवा व्हॉल्व्हवरच्या काचेत बघा. तिथे पाणी हलताना दिसायलाच नको.

बदलायची तर पंप बंद करा, पूलकडून येणारे आणि पूलकडे जाणारे व्हॉल्व्ह बंद करा, फिल्टरवरचा दाब सोडून द्या. झाकण आणि बुडाचा भाग यांच्यावरून मार्करने एक उभी रेघ ओढा. झाकण फिरवून उलटं बसलं तर झाकणावरची नावं आणि आतली भोकं यांचा मेळ राहत नाही. आत जाड स्प्रिंग असते, म्हणून झाकण दाबून धरूनच शेवटचे स्क्रू सोडा. जुनी गास्केट खाचेत चिकटवलेली असू शकते. ती काढल्यावर खाच नखाने साफ होईपर्यंत घासा, कारण तिथे राहिलेला चिकट थर नव्या गास्केटला उचलून धरतो. बसवल्यावर स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळत जा. आणि इथून पुढे पंप चालू असताना तो दांडा कुणीही फिरवू नये. स्पायडर गास्केट वेळेआधी फाटायचं मुख्य कारण ती घाई.

पातळी स्वतः पत्ता सांगते

फिल्टर रूम निर्दोष निघाली तर पंप बंद करून पाण्याला आपणहून उतरू द्या आणि ते कुठे थांबतं ते बघा. स्किमरच्या तोंडाखाली येऊन थांबलं तर स्किमर किंवा त्याची लाइन. दिव्याच्या वरच्या भागाशी थांबलं तर दिव्याची खोबण. रिटर्नच्या भोकाशी थांबलं तर ते फिटिंग किंवा त्यामागचा पाइप. कुठलीच वस्तू नसलेल्या उंचीवर थांबलं तर त्या रेषेत चारही भिंती गॉगल लावून बघत फिरा, तिथे तडा किंवा निघालेलं ग्राउट सापडतं. सगळं ओलांडून खाली जात राहिलं तर मेन ड्रेन (तळातलं पाणी ओढणारं तोंड) किंवा तळ.

पण याला मर्यादा आहेत आणि त्या पाळायच्याच. लायनरचा (आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेला) पूल पूर्ण रिकामा होऊ देऊ नका, उथळ भागात किमान ३० सेंटिमीटर पाणी राहू द्या. नाहीतर लायनर आकसतं आणि पुन्हा भरताना कोपऱ्यांत फाटतं. फायबर ग्लासच्या पूलच्या भिंती आत फुगतात. काँक्रीटचा पूल भक्कम वाटतो, पण आजूबाजूला जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना तो रिकामा केला तर खालचा दाब सगळं भांडं उचलू शकतो. त्यासाठीच अनेक पूलच्या मेन ड्रेनमध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, खालून दाब आला की तो उघडतो. गंमत अशी की त्याच्या तोंडात खडा अडकला तर तोच गळतीचं कारण होतो. पावसाळ्यात पूल उपसायचा विचार माणसाने मनातही आणू नये.

रंगाची चाचणी

पातळीने गल्ली दाखवली, घर रंग दाखवतो. पूलसाठी मिळणारा जाडसर रंग घ्या किंवा खायचा गडद लाल रंग पाण्यात घट्ट कालवून सिरिंजमध्ये भरा. पंप बंद करून निदान अर्धा तास जाऊ द्या. पाणी पूर्ण स्थिर हवं. पाण्यात सावकाश उतरा, हात हलवू नका, पाय हलवू नका. सिरिंजचं टोक संशयाच्या जागेपासून एखादा सेंटिमीटर लांब धरा आणि एकच थेंब सोडा. दट्ट्या जोरात दाबला तर तुम्हीच रंग भिंतीत ढकलाल आणि नसलेली गळती सापडेल.

स्किमरचं उदाहरण घेऊ. प्लॅस्टिकचा स्किमर जिथे काँक्रीटला भिडतो, त्या तोंडाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत पहिला थेंब सोडा. गळती नसेल तर रंग लोंबकळत राहतो, ढगासारखा पसरतो आणि विरतो. गळती असेल तर थेंबाचं टोक बारीक होतं, एक धागा निघतो आणि तो धागा वाकून फटीत जातो, मागे काही उरत नाही. एकदा बघितलं की विसरत नाही. तरी मी तीच जागा पुन्हा तपासते आणि मग बाजूची तपासते, कारण कधीकधी पाण्याची हलकी चाल रंगाला तसं ओढते. स्किमर पहिला धरायचं कारण साधं आहे: वरचा डेक (पूलभोवतीची फरशी) उन्हाने, मातीच्या हालचालीने सरकतो, पूलचं भांडं सरकत नाही, आणि स्किमर दोघांच्या मधे अडकलेला असतो. सांधा तुटतो तो तिथेच.

मग रिटर्नच्या कडा, पायऱ्यांचे कोपरे, दिव्याची कड, दिसणारे तडे, मेन ड्रेन. मेन ड्रेनपाशी जाताना पंप बंद आहे हे स्वतः बघा, घरच्यांना सांगून ठेवा आणि शक्य असेल तर स्विच कुलूपबंद करा. तिथली ओढ माणसाला धरून ठेवू शकते. ड्रेनची जाळी फुटलेली असेल तर गळती राहू दे, आधी जाळी बदला. तोवर कुणीही पाण्यात उतरायचं नाही.

दुरुस्ती

स्किमरच्या तोंडाची फट बारीक असेल तर पाणी न उतरवताही काम होतं. पाण्याखाली घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मिळते. जागा तारेच्या ब्रशने घासून शेवाळ आणि चुन्याचा थर काढा, या पायरीला आळस केला तर पुट्टी आठवड्यात पापड होऊन निघते. दोन्ही भाग सारखे घेऊन ओल्या हातमोज्यांनी मळा. रंगाची एकही वेगळी रेघ दिसेनाशी झाली की मगच लावा. मधून बाहेर अशी दाबत न्या आणि कडा पातळ करून भिंतीत मिळवा. पंप दुसऱ्या दिवशी. फट बोटाचं नख जाईल इतकी असेल तर मात्र पाणी स्किमरखाली उतरवा, छिन्नीने सेंटिमीटरभर खोल खाच मारा, हायड्रॉलिक सिमेंटने भरा आणि वरून ग्राउट करा. बाथरूमचं सिलिकॉन इथे लावू नका. क्लोरीनच्या पाण्यात ते सालीसारखं निघतं आणि जाताना पुढच्या दुरुस्तीसाठी चिकट जागा मागे ठेवतं. डेक आणि कोपिंगच्या (पूलच्या काठावरच्या पट्टीच्या) मधल्या सांध्यातलं लवचीक सीलंट वाळून फुटलेलं असेल तर तेही त्याच वेळी बदला. पावसाचं पाणी तिथून आत गेलं की डेक पुन्हा हलतो.

दिव्याची खोबण पाण्याने भरलेलीच असते, ती गळती नव्हे. गळतं ते खोबणीच्या मागे, जिथून केबलचा पाइप निघतो तिथे. मुख्य एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा. बहुतेक दिव्यांना वर एक स्क्रू असतो. तो काढला की दिवा पुढे झुकतो, आणि आत गुंडाळून ठेवलेल्या केबलसकट काठावर घेता येतो. केबलच्या भोवती पाइपाच्या तोंडात तीच इपॉक्सी पुट्टी दाबून भरा, किंवा त्यासाठी मिळणारं रबरी बूच बसवा. केबल कापायची नाही, जोडायची तर नाहीच. केबलचं आवरण चिरलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

तड्यांच्या बाबतीत घाबरण्याआधी फरक ओळखा. प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या रेघा असतात, त्या वरवरच्या, बहुतेक वेळा गळत नाहीत. रंग त्यांच्यात जात नसेल तर सोडून द्या. एक सलग रेघ जी टाइल, ग्राउट, कोपिंग सगळ्यांना कापत जाते, ती भांड्याची. तिच्या दोन्ही टोकांना टिकाऊ खूण करून तारीख लिहा आणि महिन्याभराने बघा. वाढली नसेल तर पाणी उतरवून तडा दीड-दोन सेंटिमीटर खोल कापा. खाच तळाशी अरुंद ठेवू नका, भरलेलं सुटून येतं. धूळ धुऊन काढा, जागा ओलसर ठेवा, हायड्रॉलिक सिमेंट मूठभरच कालवा, कारण तीन ते पाच मिनिटांत ते दगड होतं. वर वॉटरप्रूफिंगचा थर, मग प्लास्टर किंवा टाइल. तडा वाढत असेल तर माती खचतेय. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा. सिमेंटचे थर देऊन माती थांबत नाही.

लायनरचं भोक बुजवणं सर्वात सोपं, शोधणं सर्वात कंटाळवाणं. लायनरखाली वाळू वाहून गेलेली असते तिथे पायाला खड्डा लागतो, सुरुवात तिथून करा. ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून निदान ५ सेंटिमीटर मोठं आणि गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलतो. पाण्याखाली चालणारा डिंक ठिगळाला लावा, चिकट बाजू आत घेऊन दुमडून पाण्यात न्या, भोकावर उघडा, मधून कडेकडे दाबत हवा-पाणी काढा आणि वर गुळगुळीत वजन ठेवून २४ तास विसरा.

बाटलीतून ओतायचं गळतीचं औषध मिळतं. बारीक झिरपण्याला ते कधीकधी लागू पडतं, पण ते फिल्टरमधून गेलं तर आतली वाळू गठ्ठा धरते. ओतायचंच असेल तर दांडा 'रीसर्क्युलेट'वर ठेवून, म्हणजे पाणी फिल्टरला टाळून फिरतं. मी स्वतः ते शेवटचा उपाय म्हणूनही नाखुशीनेच वापरते, कारण गळती कुठे होती ते त्यातून कधीच कळत नाही.

जमिनीखालचा पाइप

चाचण्यांनी बोट पाइपाकडेच दाखवलं तर प्रत्येक लाइन वेगळी करून दाबाची चाचणी घ्या. पूलकडच्या तोंडात आवळून फुगणारं रबरी बूच बसवा, दुसऱ्या टोकाला नळी, बॉल व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज. पाणी भरून हवा पूर्ण बाहेर जाऊ द्या, दाब १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ बारवर आणा, व्हॉल्व्ह बंद करा आणि अर्धा तास बघा. काटा हलला नाही तर ती लाइन सुटली. हे पाण्यानेच करा. घरच्या कंप्रेसरची हवा पाइपात भरली आणि बूच निसटलं तर ते बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. बुचाच्या समोर तर पाण्याच्या चाचणीतही उभं राहू नये.

कुठली लाइन ते कळलं, कुठे ते अजून नाही. जमिनीचा ओला डाग बघून लगेच खणू नका. पाइपाच्या चरातली भुसभुशीत वाळू पाणी लांबवर नेते आणि डाग भलत्याच ठिकाणी उमटतो. वळणं आणि सांधे आधी, सरळ लांबी शेवटी, हा माझा क्रम. सापडत नसेल तर आवाज ऐकणारं यंत्र असलेला माणूस बोलवा. ही एक गोष्ट घरच्या घरी भागत नाही, आणि आख्खा डेक फोडण्यापेक्षा त्याची फी परवडते.

पीव्हीसीचा तुटका तुकडा कापून सरकतं कपलिंग टाकायचं. सॉल्व्हंट सिमेंटला, म्हणजे पीव्हीसीच्या डिंकाला, कोरडी जागा लागते. आतून पाणी ठिबकत असेल तर पाइपात कापड कोंबून अडवा आणि ते काढायचं लक्षात ठेवा. टोकं घासा, क्लीनर, प्राइमर, दोन्ही बाजूंना सिमेंट, पाव फेरा फिरवत आत ढकला आणि अर्धं मिनिट धरून ठेवा, सोडलं तर पाइप मागे सरकतो. दाब दुसऱ्या दिवशी द्या, आणि दाब टिकल्याचं बघितल्याशिवाय माती लोटू नका. खाली-वर बारीक वाळू घाला. पाइपाला टेकलेला एक टोकदार दगड काही वर्षांनी तुम्हाला तिथेच परत खणायला लावतो.

पुन्हा बादली

दुरुस्ती झाली की दोन दिवस जाऊ द्या आणि बादली परत पायरीवर ठेवा, पंप चालू एकदा, बंद एकदा. पूलची आणि बादलीची घट एकसारखी आली तर काम झालं. फरक निम्मा झाला पण उरला, तर दुरुस्ती फसली असं समजू नका, दुसरी जागा आहे. जुन्या पूलमध्ये दोन जागा एकदम सापडणं अगदी नेहमीचं, मोठी गळती धाकटीला झाकून ठेवते. पातळी उतरवून पुन्हा बघा.

ऑटोफिल सगळ्यात शेवटी चालू करा. त्याच्या पाइपावर एक छोटा वॉटर मीटर बसवून घ्या आणि दर आठवड्याला आकडा नोंदवहीत लिहा. ऑटोफिल असलेल्या पूलमध्ये पातळी कधीच उतरत नाही, त्यामुळे पुढची गळती तुम्हाला पाण्यात दिसणार नाही, त्या आकड्यात दिसेल.